आखाजीला गावी जाताय? मग मनाची पण थोडी तयारी करून निघा

दिवाळी सगळ्या महाराष्ट्राची, पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आपली खान्देशची. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे लेक सासरी असली तरी आखाजीला माहेरी येणार म्हणजे येणारच, सुरतला उधना-लिंबायतमधे राहणारी मंडळी भुसावळकडच्या गाड्या गच्च भरून येणार, पुण्या-नाशिकची नोकरीवाली पोरं दोन दिवसांची रजा टाकून येणार, शाळांना सुट्ट्या लागलेल्या किंवा लागायच्या बेतात, लग्नसराई चालू, लिंबाला झोके, घरात गौराई, खापरावरचे मांडे, रशी, आमरस. आणि याच दिवसांत कितीतरी जणांचं मन बिनसतं, पण ते कुणी बोलत नाही, कारण सणासुदीचं तोंड पाडून बसू नये असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय.

हे लिहिलंय ते ज्यांना पहिल्यांदाच हे सगळं सांभाळायचंय त्यांच्यासाठी. लग्नानंतरची पहिली आखाजी, घरातलं माणूस गेल्यानंतरची पहिली आखाजी, डिप्रेशनच्या किंवा झोपेच्या गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्यांदाच गावी जाणं, किंवा या वर्षी जायलाच जमणार नाही असं कळलेलं. माझं म्हणणं एकच आहे, सण सोडायचा नाही, पण सगळा सण एकट्याने अंगावर पण घ्यायचा नाही. आपल्याला झेपेल तेवढा वाटा घ्यायचा आणि तो किती हे घरी पोचायच्या आधीच ठरवायचं.

आखाजीलाच एवढं का होतं

कारण या सणात चार-पाच गोष्टी एकाच आठवड्यात येतात. एक तर वैशाखाचं ऊन, भुसावळ-जळगावकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो आणि रात्री पण भिंती गरम असतात. दुसरं पैसे. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला संपतं आणि नवं तेव्हाच ठरतं, शेतकऱ्याला खरिपाच्या बियाण्याची आणि कर्जाची काळजी तेव्हाच लागते, म्हणजे बाहेर सण आणि आत हिशोब अशी घरातल्या पुरुषाची अवस्था असते आणि तो चिडका झालाय असं सगळे म्हणतात पण का ते कुणी विचारत नाही. तिसरं, आखाजी हा पितरांचा पण दिवस आहे, घागर भरायची, त्यावर डेरगं म्हणजे छोटं मातीचं भांडं ठेवायचं, गेलेल्यांच्या नावाने आगारी म्हणजे विस्तवावर घास टाकायचा, आणि त्याच दिवशी अंगणात पोरी झोक्यावर गाणी म्हणत असतात. हसणं आणि रडणं एकाच दिवशी, एकाच घरात. त्यामुळे तुम्हाला दोन्ही एकदम वाटत असेल तर तुमचं काही चुकत नाहीये, हा सण मुळातच तसा आहे.

आणखी एक, आपल्याकडे मनाचं दुखणं शरीरातून बोलतं. "उदास वाटतंय" असं कुणी म्हणत नाही. जीव घाबरस, डोकं जड शे, छातीत भरून येतं, अन्न गोड लागत नाही, हातपाय गळाल्यासारखे वाटतात, असंच म्हणतात. सणाच्या दिवसांत आई किंवा वहिनी असं वारंवार म्हणत असेल तर नुसती ॲसिडिटीची गोळी देऊन पुढे जाऊ नका, जरा शेजारी बसून विचारा.

निघायच्या आठवडाभर आधी

गोळ्या चालू असतील तर सगळ्यात आधी त्या मोजा. जेवढे दिवस जाताय त्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त घ्या, कारण तालुक्याच्या गावात तुमचीच गोळी मिळेल असं नाही आणि मनाच्या बऱ्याच गोळ्या चिठ्ठीशिवाय देत पण नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमधे ठेवा आणि कागद पण सोबत ठेवा. गोळ्या डिकीत किंवा बसच्या टपावरच्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेवा, उन्हात तापलेल्या गाडीत औषध खराब होतं.

आणि हे मी अगदी कळकळीने सांगते, गावी गेल्यावर लोक बघतील म्हणून गोळ्या चार दिवस बंद ठेवू नका. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या एकदम थांबवल्या की चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके असं होऊ शकतं, आणि मग घरचे म्हणतात बघा गोळ्यांनीच असं झालं. लपवायचंच असेल तर साध्या डबीत ठेवा, रक्ताच्या गोळ्या म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा, पण वेळेवर घ्या. बंद करायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून हळूहळू, आणि सणात तर नाहीच.

दुसरं काम, घरातलं एक माणूस निवडा ज्याला खरं माहीत असेल. सगळ्यांना सांगायची गरज नाही. बहीण असेल, मामेभाऊ असेल, एखादी समजूतदार वहिनी. तिला आधीच फोन करून सांगून ठेवा, "वहिनी, मला सध्या गर्दीत जीव घाबरतो, मी मधेच उठून गच्चीवर गेले तर मागे कुणाला पाठवू नका, तुम्ही फक्त दहा मिनिटांनी एक चक्कर मारा." एवढं वाक्य आधी बोललेलं असलं ना की तिथे गेल्यावर निम्मं ओझं उतरतं. आईशी बोलायचं असेल तर आपल्या बोलीत बोला, "माय, माले झोप लागत नही, मन लागत नही." डॉक्टरी शब्द वापरले की आया घाबरतात, झोप आणि जेवण म्हटलं की लगेच समजतं.

तिसरं, परत यायचा दिवस जाण्याआधी ठरवा आणि तिकीट काढून ठेवा. "बघू, राहीन अजून दोन दिवस" असं मोघम ठेवलं की रोज त्यावरूनच ताण होतो. बायांना एसटीचं तिकीट २०२३ पासून निम्मं आहे, त्यामुळे नाहीच झेपलं तर एक दिवस आधी निघणं पण फार महागात पडत नाही, हे मनात असू द्या.

ऊन आणि झोप

हा भाग लोक आरोग्य म्हणून वाचतात आणि मनाशी जोडत नाहीत, पण खान्देशच्या वैशाखात हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

घरात वीस माणसं, रात्री एक-दीडपर्यंत गप्पा आणि गाणी, पहाटे उठून चूल, दुपारी पत्र्याखाली घामाघूम, असे तीन दिवस गेले की धडधाकट माणूस पण रडकुंडीला येतो. ज्याचं मन आधीच नाजूक आहे त्याचं तर विचारूच नका. बायपोलर असेल, म्हणजे मन कधी फार उदास तर कधी फार तेजीत जाण्याचा आजार, तर झोप कमी होणं हेच पुढच्या तेजीला निमंत्रण असतं, दोन रात्री तीन-चार तास झोपून पण माणूस थकत नाही, फार बोलतो, मोठमोठे बेत करतो, पैसे उधळतो, असं दिसलं तर सणाचा उत्साह समजून सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. म्हणून झोपेची एक जागा आणि एक वेळ पक्की करा. गच्चीवर खाट टाकून सगळ्यांच्या आधी झोपायला जा, कुणी हसलं तर हसू दे. दुपारी तासभर अंधाऱ्या खोलीत पडा. संध्याकाळनंतर चहा नको, हे आपल्याकडे अवघड आहे कारण प्रत्येक घरी कप पुढे येतो, तर अर्धा कप घ्या नाहीतर ताक मागा, आखाजीला ताकाला कुणी नाही म्हणत नाही.

लिथियमची गोळी (बायपोलरसाठी देतात ती) घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. घाम खूप गेला, पाणी कमी पडलं, जुलाब झाले किंवा मीठ एकदम कमी केलं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते धोक्याचं असतं. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं, बोलताना जीभ अडखळणं असं काही झालं तर घरी लिंबूपाणी पाजत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. निर्जळी उपास अजिबात नको. काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनी शरीराची उष्णता बाहेर टाकायची ताकद पण कमी होते, तर अशा माणसाला भर दुपारी आंबे आणायला किंवा वरातीत नाचायला पाठवू नका.

आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा विचार करा. खापरावर मांडे भाजणं हे भट्टीपुढे उभं राहण्याइतकं कष्टाचं काम आहे आणि ते बहुतेक घरात एकाच सुनेच्या अंगावर पडतं. दर अर्ध्या तासाला माणूस बदला, मांडे कमी करा, चाळीसच्या ऐवजी वीस झाले तर पितर रागावत नाहीत. पुरुषांनी आमरस काढावा, भांडी उचलावीत, पाणी भरावं. निम्मी भांडणं त्या चुलीच्या धगीतून सुरू होतात.

सासर, माहेर आणि प्रश्न

नवीन लग्न झालेल्या पोरींना आखाजीला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले जातात. गोड बातमी कधी, सासू कशी आहे, जावई आले नाहीत का, वजन का उतरलं. नोकरीवाल्या पोराला पगार आणि लग्न, शेतीवाल्या पोराला तर पोरगी मिळेना हे तोंडावर बोलतात, आणि ते किती लागतं हे बोलणाऱ्याला कळतच नाही. उत्तरं आधी तयार ठेवा, कारण ऐनवेळी डोळ्यात पाणीच येतं. "आत्या, असं काही झालं तर पहिला फोन तुम्हालाच करेन, बरं पुरण किती शिजवायचं ते सांगा ना" असं म्हणत काम हातात घ्या. काम हातात असलं की प्रश्न पुढे सरकत नाहीत. ज्येष्ठ माणूस असेल तर वाद घालू नका, "हो आबा" म्हणा आणि उठा. फक्त कुणी वारंवार, मुद्दाम, सगळ्यांदेखत बोलत असेल तर तुम्ही निवडलेल्या त्या एका माणसाने मधे पडायला हवं, त्याच्यासाठीच तर तो आहे.

माहेरी आलेली लेक सासरचं काही बोलली तर सणात कशाला म्हणून तिला गप्प करू नका. वर्षभरात तिला बोलायला मिळणारे हेच चार दिवस असतात. मारहाण, पैशाची मागणी असं काही असेल तर १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर आहे, तिच्या मोबाईलमधे दुसऱ्या नावाने सेव्ह करून द्या. परत जायची तारीख जवळ आली की ती जेवेनाशी झाली, सारखी आजारी पडायला लागली, तर ते नाटक नसतं.

आणि जिचं माहेरच राहिलं नाही, आई-बाप गेले, भाऊ बोलावत नाही, टाकलेली आहे, विधवा आहे, तिच्यासाठी हा सण फार कडक असतो. गल्लीत सगळ्यांच्या लेकी आल्यात आणि ती दार लोटून बसलीये. अशी कुणी तुमच्या शेजारी असेल तर नुसती ताटली पाठवू नका, तिला घरी बोलवा, पंगतीत बसवा. तुम्ही स्वतः तशा असाल तर त्या दिवसाचा एक तरी कार्यक्रम आधीच ठरवा, मैत्रिणीकडे, मावशीकडे, मंदिरात, कामावर पण चालेल, पण पूर्ण दिवस मोकळा आणि एकटीने नको.

डेरगं भरताना

ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलंय तिथे ही आखाजी अवघड जाणार, हे आधीच मान्य करा. घागर भरताना नाव घ्यायची वेळ आली की आवाज फुटत नाही, तर दुसऱ्याला घेऊ द्या. रडू आलं तर रडा, पोरांसमोर पण रडा, पोरांना कळतं की आजोबांची आठवण येते तेव्हा मोठी माणसं पण रडतात. लहान मुलांना "गावाला गेलेत" असं सांगू नका, ती वाट बघत राहतात, सरळ सांगा की ते वारले, परत येणार नाहीत, आणि आज आपण त्यांच्यासाठी सांजोरी ठेवतोय. जमलं तर त्यांना काय आवडायचं, कुठल्या गोष्टीला हसायचे हे पंगतीत बोला. गेलेल्या माणसाचं नाव सगळे टाळतात तेव्हा घर जास्त जड होतं.

सहा महिने उलटून गेले तरी माणूस कामाला लागत नाही, कुणाशी बोलत नाही, दिवसभर त्याच विचारात, जगायलाच नको असं म्हणतो, तर फक्त काळावर सोपवू नका, मदत घ्या.

पत्ते आणि दारू

आखाजीला पत्ते खेळायचे ही खान्देशात जुनी रीत, एरवी न खेळणारा पण त्या दिवशी बसतो. दहा-वीस रुपयांवर घरात खेळ झाला तर मजा आहे. पण ज्याला आधीच सवय आहे, मोबाईलवर पैसे लावून खेळतो, ज्याच्यावर उधारी आहे, त्याच्यासाठी हा दिवस घसरगुंडी आहे. त्याने त्या दिवशी पैसे बायकोकडे किंवा भावाकडे द्यावेत, फोनमधलं पेमेंट ॲप काढून टाकावं आणि डाव बसायच्या वेळी मुद्दाम कुठेतरी जावं, पाहुण्यांना सोडायला, शेतावर, कुठेही. आणि हरून आलेल्या माणसाला त्या रात्री शिव्या देऊ नका. हिशोब सकाळी करा. हरलेल्या रात्री माणूस फार खचलेला असतो, त्याला एकटं झोपू देऊ नका.

दारूचं पण तसंच. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र कधीच नाही, श्वास मंदावू शकतो. आणि रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला सण आहे म्हणून एकदम बंद करायला लावू नका, दोन-तीन दिवसांत फिट येणं, भास होणं, अंग थरथरणं असं होऊ शकतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायचं असतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा टोल फ्री नंबर आहे.

मधेच जीव घाबरला तर

गर्दीतून बाजूला व्हा, जमिनीवर पाय टेकवून बसा, चप्पल काढून थंड फरशीवर बसलं तर अजून बरं. श्वास आत घेतल्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावा, मनात चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर. मग आजूबाजूच्या पाच गोष्टींची नावं घ्या. घाबरण्याची लाट साधारण दहाएक मिनिटांत वर जाते आणि मग उतरते, तेवढा वेळ जवळच्याने नुसतं शेजारी बसावं, "काही नाही झालं तुला" म्हणू नये. पण पहिल्यांदाच छातीत दुखतंय, घाम फुटलाय, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जातेय, तर मनाचं आहे म्हणून घरी थांबू नका, आधी दवाखान्यात दाखवा.

यायला जमलंच नाही तर

रजा नाही, पैसे नाहीत, पोरगं आजारी, किंवा घरच्यांशी फाटलंय, कारण काही असो. दिवसभर गावच्या ग्रुपवर झोक्यांचे व्हिडिओ बघत बसू नका, एक वेळ ठरवून व्हिडिओ कॉल करा आणि मग फोन बाजूला ठेवा. पुण्यात, सुरतेत आपली माणसं भरपूर आहेत, दोन-तीन घरांनी मिळून आमरस-पोळी करा. काही घरांमधे न जाणं हाच शहाणपणा असतो, जिथे मारहाण झाली, जिथे तुमचा सतत अपमान होतो तिथे सणासाठी म्हणून जायलाच पाहिजे असं काही नाही, आणि त्याचं स्पष्टीकरण सगळ्या भावकीला द्यायची गरज नाही.

हे दिसलं तर थांबू नका

माणूस मरणाचं बोलतो, "माझ्यामागे पोरांना बघा" म्हणतो, आवडत्या वस्तू वाटून टाकतो, इतके दिवस बेचैन होता आणि अचानक शांत झाला, शेतावर एकटा जाऊन बसायला लागला. अशा वेळी सरळ विचारा, "भाऊ, जीव द्यायचा विचार येतो का मनात?" असं विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ऐका, उपदेश नको, पोराबाळांची शपथ नको, एकटं सोडू नका.

शेतकरी घरात फवारणीची औषधं घरात किंवा गोठ्यात मोकळी पडलेली असतात. ती आजच कुलपात टाका, किल्ली दुसऱ्याकडे द्या, किंवा गावातल्या दुसऱ्या कुणाकडे ठेवायला द्या. असा विचार बऱ्याचदा थोड्या वेळासाठी अनावर येतो, आणि त्या वेळात हाताशी काही नसलं की जीव वाचतो. कुणी काही घेतलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका, १०८ ला फोन, डबा किंवा बाटली सोबत घ्या आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानतो आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी सांगतो.

बोलण्यासाठी टेलिमानस ही सरकारची मनाच्या आरोग्याची हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, सणाच्या दिवशी पण, आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार आले तरच फोन करायचा असं नाही, झोप लागत नाही, भांडण झालं, रडू थांबत नाही एवढ्यावर पण करता येतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे मानसोपचार विभागाची चौकशी करा. भगताकडे, बाबाकडे जायचंच म्हणत असतील तर घरच्यांशी त्यावर भांडू नका, पण डॉक्टरकडे जाणं त्यासाठी थांबवू नका, आणि कुणाला साखळीने बांधायचं, मारायचं, उपाशी ठेवायचं असं काही दिसलं तर तिथून माणूस लगेच बाहेर काढा.

परत आल्यावर

सण संपून घरी आलं की दोन-तीन दिवस रिकामं वाटतं, ते बहुतेकांना होतं. धुणं, डबे, कुरडया-बिबड्यांचे गठ्ठे लावणं, कामावर जाणं, याने हळूहळू घडी बसते. झोपेची वेळ पहिल्या रात्रीपासून जागेवर आणा. ज्या वहिनीने गच्चीवर चक्कर मारली होती तिला फोन करा. पण दोन आठवडे झाले तरी रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास, कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, काम होत नाही, असं असेल तर सणाचा थकवा म्हणून ओढू नका, अपॉइंटमेंट घ्या. जाताना एका कागदावर लिहून न्या, कधीपासून, झोप किती, जेवण कसं, कुठल्या गोळ्या चालू, घरात आधी कुणाला असं झालंय का. ओपीडीत वेळ थोडा मिळतो आणि समोर गेल्यावर निम्मं विसरायला होतं. गोळी लिहून दिली तर फरक दिसायला दोन-चार आठवडे लागू शकतात हे घरच्यांना पण सांगून ठेवा, म्हणजे आठव्या दिवशी कुणी "काही उपयोग नाही, बंद कर" असं म्हणणार नाही.